तुळेचा शनी

आबांच्या दोन वह्या होत्या, दोन्ही लाल कापडी बांधणीच्या. एक पेढीची कच्ची वही, दुसरी पत्रिकांची. दिवसभर ते सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून बसायचे आणि संध्याकाळी गावभागातल्या आमच्या ओसरीवर लोकांच्या पत्रिका मांडून द्यायचे. पत्रिकेचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. कुणी सुपारी ठेवलीच तर ती देवापुढे जायची. लहानपणी मला त्या दोन वह्यांत फरकच कळायचा नाही. दोन्हींत चौकटी, दोन्हींत आकडे, आणि दोन्हींत कुणाचं कुणाकडे काय येणं-देणं आहे याची नोंद.

माझा जन्म 1983 चा. त्या वर्षी शनी तूळ राशीत होता, आणि तूळ ही शनीची उच्च रास, म्हणजे जिथे त्याचं बळ सर्वांत जास्त मानतात ती. आबांनी बारशाच्या आधीच घरात सांगून टाकलं होतं, ‘पोरीचा शनी तुळेचा आहे.’ शनीचं नाव ऐकूनच आईच्या पोटात गोळा आला होता म्हणे. आपल्याकडे शनी म्हणजे हात धुऊन मागे लागणारा, आणि साडेसाती म्हणजे साडेसात वर्षं मान खाली घालून काढायची. आबा मात्र शनीचं नाव घेताना कधी आवाज खाली आणत नसत. पेढीवरच्या एखाद्या जुन्या माणसाबद्दल बोलावं तसं ते शनीबद्दल बोलायचे.

का, ते मला बऱ्याच उशिरा उमगलं. ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांत ग्रहांचा एक दरबार सांगितला आहे. रवी-चंद्र राजपदावर, मंगळ सेनापती, बुध युवराज, गुरू आणि शुक्र मंत्री. शनी त्यात सेवक. ‘प्रेष्य’ असा शब्द आहे, म्हणजे पाठवलं तिकडे निमूट जाणारा. वर्णही लावलेले आहेत. गुरू-शुक्र ब्राह्मण, रवी-मंगळ क्षत्रिय, चंद्र-बुध वैश्य आणि शनी शूद्र. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ मला ते पान उलटवेना. गावात जी उतरंड होती ती माणसाने जशीच्या तशी उचलून आकाशात नेऊन ठेवली, आणि मग तीच तिथून खाली आली, दैव होऊन. काळा, लंगडा, संथ चालीचा, छायेच्या पोटी जन्मलेला, बापाशी न पटणारा शनी. सगळ्या दरबाराचं ओझं ज्याच्या पाठीवर, त्याचीच सगळ्यांना धास्ती. ज्याच्याकडून जन्मभर काम करून घेतलं तो एक दिवस हिशोब मागायला दारात उभा राहील, तीच ही धास्ती असावी असं मला वाटतं.

आणि या सेवकाला उच्चपद दिलं कुठे, तर तुळेत. तुळेचं जुनं वर्णन बाजारपेठेत तराजू धरून उभ्या असलेल्या माणसाचं आहे. आपल्या पत्रिकेच्या चौकटीत पहिलं घर वर मधोमध असतं आणि सातवं बरोबर त्याच्यासमोर, खाली. राशींमध्येही तसंच, मेष पहिली आणि तूळ सातवी, समोरासमोर. मेषेत रवी उच्चीचा आणि शनी नीचेचा. तुळेत शनी वीस अंशांवर परमोच्च आणि रवी दहा अंशांवर परमनीच. माणूस एकटा उभा आहे तोवर राजा मोठा. समोर दुसरं माणूस आलं आणि दोघांच्या मधे काटा आला, की सेवक मोठा. ज्यांनी आकाशात उतरंड लिहिली त्यांनीच तिच्यावरचा उताराही त्याच पोथीत लिहून ठेवला. तो कुणी फारसा वाचत नाही, एवढंच.

आबांनी तो वाचला होता. पेढीवर मोठा काटा होता, साखळ्यांना टांगलेल्या दोन पारड्यांचा. तोलायला सुरुवात करण्याआधी आबा धडा बघायचे, म्हणजे रिकामी पारडी बरोबरीत आहेत की नाही ते. माल यायच्या आधी रिकाम्या काट्याकडे इतकं रोखून बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेतकरी तासगावकडून, वाळव्याकडून रात्रभर प्रवास करून आलेला असायचा. त्याच्या पोत्यातलं पावशेर हळकुंडही इकडचं तिकडे होता कामा नये.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पेढी फुलांनी सजायची. अश्विनातल्या त्या अमावास्येला सूर्य आणि चंद्र दोघंही तुळेत असतात. दर वर्षी, न चुकता. व्यापाऱ्याची वही जेव्हा पुजली जाते तेव्हा राजा नीच राशीत, दिवे लागतात ते त्याच अंधारात. वहीला हळदकुंकू वाहून झालं की आबा काट्यालाही वाहायचे, आणि मग काट्याखाली पोती लावणाऱ्या एकेका हमालाला स्वतः उठून पानसुपारी द्यायचे. मालकांना ते फारसं रुचत नसावं. आबा एवढंच म्हणायचे, ‘आज राजा नीचेचा असतो.’

तिथल्या हमालांत एक तात्या होते. मी नऊ वर्षांची असेन. उन्हाळ्याची सुट्टी, हळदीचा हंगाम, यार्डात सौदे जोरात. आबा मला अधूनमधून बरोबर न्यायचे आणि मी बारदानांच्या थप्पीवर बसून राहायचे. तात्यांच्या मानेच्या सुरकुत्यांत हळद बसलेली असायची, आंघोळीनेही न जाणारी. घाम आला की ती पाझरायची आणि बनियनवर पिवळे ओघळ उतरायचे. कानाच्या पाळीमागे पिवळं, नखांत पिवळं. पोतं पाठीवर घेताना ते एक क्षण डोळे मिटायचे आणि मगच पाय उचलायचे.

एकदा दुपारी काम थंडावलं होतं. तात्या येऊन उंबऱ्याशी बसले.

‘दिवाणजी, समद्यांचं बघता, आमचं बी बघा की एकदा.’

‘बघू की. जन्मतारीख सांगा.’

‘ती कुठली? आय म्हनायची, बेंदराच्या दुसऱ्या दिशी झालास, आन् नदीला पानी आलतं.’

‘साल?’

‘साल कुनाला ठावं, दिवाणजी.’

वेळ नाही तर लग्नरास, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, नाही, आणि लग्नरास नाही तर पत्रिका उभीच राहत नाही. आबा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं, पेढीच्या एका कोऱ्या पट्टीच्या पाठीमागे चौकट आखली, तिरक्या रेघा मारून बारा घरं पाडली, आणि विचारायला लागले. आई आहे का? आहे. चौथ्या घरात लिहिलं, आई. भाऊ किती? दोन, पण एकाशी बोलणं नाही. तिसऱ्यात दोघांची नावं. पाचव्यात पोरं. सातव्यात बायकोचं नाव, जे सांगताना तात्या लाजले. सहावं घर ऋणाचं, शत्रूचं, दुखण्याचं. तिथे पेढीची उचल लिहिली, आणि पाठीची कळ. नववं भाग्याचं. तात्या म्हणाले, ‘ज्यानं मला पोतं पाठीवं घ्यायला शिकिवलं त्यो म्हातारा. आता न्हाई त्यो.’ ते नाव नवव्यात गेलं. दहाव्यात काटा. अकराव्यात, लाभाच्या घरात, टोळीतली सात माणसं. बाराव्यात काय लिहायचं ते तात्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला ऐकू आलं नाही. आबांनी मान न वर करता ते लिहिलं.

‘हे घ्या,’ आबा म्हणाले. ‘हे तुमचे ग्रह.’

तात्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी प्रत्येक घरावर बोट ठेवून कुठे कोण आहे ते पुन्हा विचारून घेतलं, कागदाची घडी केली आणि टोपीच्या पट्टीत सरकवली.

आज मी तो प्रसंग मनात पुन्हा पुन्हा उघडून बघते. आबांनी तात्यांची समजूत घातली असं मला कधीच वाटलं नाही. ज्याची जन्मवेळ कुणी लिहूनच ठेवली नाही अशा माणसाचीही पत्रिका असते, आणि ती माणसांनी भरलेली असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुष्कळदा ते लोकांच्या पत्रिकेत आधी गुरू आणि शनी बघायचे. म्हणायचे, गुरूवरून कळतं याला कुणी पोसलं, आणि शनीवरून कळतं याच्याकडे कुणाचं येणं राहिलंय.

गुरूची वस्तू हळद. पिवळं वस्त्र, हरभऱ्याची डाळ, हळद, हे गुरूचं दान. सांगलीच्या माणसाला यात नवं काय सांगायचं? इथली राजापुरी हळद देशभर जाते, 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण माझ्या मनात गुरू म्हटलं की हरिपूरची पेवं येतात. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत खोल खड्डे खणून व्यापारी हळद वर्षानुवर्षं साठवायचे, वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. कोंडलेली हवा जीव घेते. वाट बघायची, कंदील सोडून बघायचा, तो तेवत राहिला तरच माणूस सोडायचा. आबांनी मला एकदा ते काठावरून दाखवलं होतं. जमिनीखाली एवढं पिवळं धन, आणि वर दोर धरून बसलेली चार माणसं, खाली उतरलेल्या पाचव्यासाठी. 2005 च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि हळद नासली. आबा तोवर गेले होते.

पुढे मी पाश्चात्य ज्योतिषावरही थोडंफार वाचलं. तिकडच्या आधुनिक अभ्यासकांनी सरळ वाटणीच केली आहे. रवी, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ हे व्यक्तीचे ग्रह, गुरू आणि शनी हे समाजाचे, आणि त्यापलीकडचे पिढ्यांचे. यामागचं गणित साधं आहे. चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो, गुरूला एका राशीत साधारण वर्ष लागतं, शनीला अडीच. म्हणजे माझ्या वर्गात बाकांवर बसलेल्या जवळजवळ सगळ्या पोरींचा शनी तुळेचाच होता. डॉक्टरांच्या मुलीचाही आणि भांडी घासून शाळेत येणाऱ्या मुलीचाही. शनी कुणा एकाचा नसतोच, तो अख्ख्या वर्गाला मिळून येतो. हर्शेलने 1781 मध्ये शोधलेला युरेनस, ज्याला आपल्या पंचांगांनी त्या शोधणाऱ्याचंच नाव देऊन ‘हर्षल’ म्हटलं, तो एका राशीत सात वर्षं राहतो. नेपच्यून चौदाच्या आसपास. तो तर गावांच्या, देशांच्या पत्रिकेतला.

एवढं सगळं मनाशी धरून मी लग्नाच्या वयाची झाले, आणि मंगळ आडवा आला. माझा मंगळ आठवा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या, बारा घरांपैकी या पाचांतल्या कुठल्याही घरात मंगळ पडला की माणूस मंगळाचं. म्हणजे शंभरांत साधारण 42 माणसं. इतकी माणसं जर लग्नाला घातक असती तर या जिल्ह्यात संसारच उभे राहिले नसते. हा हिशोब पाचवीतलं पोर करील. तरी तो कुणी करत नाही.

एका ठिकाणी सगळं जमत आलं होतं. दोनदा जाणं-येणं झालं. त्या मुलाच्या आईने माझ्या ताटात स्वतःच्या हाताने दुसरी पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली आणि ‘लाजू नको गं’ म्हणाली. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण मंगळ आहे. आई तो निरोप ऐकून आत गेली आणि तांदूळ निवडत बसली, निवडलेलेच पुन्हा. मला राग त्या बाईंचा आला नाही. त्यांच्या हातावरच्या तुपाचा वास माझ्या आठवणीत अजून खरा आहे. ज्या बाईला मी आवडले होते, तिच्या आणि माझ्या मधे एक शब्द घालून तिला मागे सरायला लावणारे तिथे हजर नव्हते. तिचे दीर-नणंदा, भावकी, शेजार, उद्या काही झालं तर ‘सांगितलं होतं’ म्हणायला टपलेली माणसं. मंगळ हे त्या सगळ्यांचं मिळून एक नाव होतं.

त्या दिवसांत मी कात्रणं जमवायचे. 2008 साली जयंत नारळीकरांनी, नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांसोबत, एक चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस पाठवायच्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगायचं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच निघाली असती. दाभोलकर मूळचे साताऱ्याचे आणि शिकायला आमच्याच विलिंग्डन कॉलेजात होते. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, त्या दिवशी मी दिवसभर आबांची वही मांडीवर घेऊन बसले होते. भविष्य पत्रिकेतून कळत नाही, हे मी मानते. निःसंकोच मानते. मग ती वही मी फेकून का दिली नाही, हा प्रश्न त्या दिवशी मी स्वतःला विचारला.

उत्तर मला शब्दातच सापडलं. ग्रीकांनी आकाशातल्या या फिरत्या दिव्यांना भटके म्हटलं. आपण त्यांना ग्रह म्हटलं. ग्रह म्हणजे धरणारा. ग्रहण, आग्रह, दुराग्रह, अनुग्रह, पाणिग्रहण, सगळीकडे तोच धरणारा हात. पूर्वग्रहसुद्धा त्याच घरातला. दाराशी आलेल्या जावयालाही आपण दशमग्रह म्हणतो. आपण कुणाच्या तरी हातात आहोत, ही जाणीव ज्यांना झाली त्यांनी मान वर करून तिथे दिसलेल्या दिव्यांना ते नाव दिलं. तो हात आकाशात शोधला ही त्यांची चूक असेल, पण हात होता हे खरं. जन्मल्याबरोबर कुणीतरी धरलं म्हणून आपण जगलो. त्याच हातांनी पुढे मनगट पिरगाळलं म्हणून आपण रडलो. आबांच्या वहीत मला ते सगळे हात मांडलेले दिसतात.

लग्न नंतर झालं, पत्रिका न बघता. शनी पुन्हा तुळेत आला होता तेव्हा, माझं तिसावं सरलं होतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये मी माहेरी, गावभागात होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर आलं की इशारा, पंचेचाळीसवर धोका. त्या वर्षी ते 57 च्या वर गेलं. खालची खोली पहिल्या रात्रीच गेली, आम्ही माडीवर. दुसऱ्या रात्री पाण्याचा आवाजही थांबला, आणि ती शांतता आवाजापेक्षा भयंकर होती. समोरच्या गच्चीवरून एक आजी दर तासाला हाक मारायच्या, ‘आहात ना गं?’ आणि आम्ही ओरडायचो, ‘आहोत!’ बास, एवढंच बोलणं. सकाळी बोट आली. माडीच्या खिडकीतून उतरायचं होतं. आईचा पाय काही केल्या सुटेना. बोटीतल्या एका पोराने हात वर केला आणि माझं मनगट धरलं, मग आईचं. खरखरीत तळवा, मधे आडवा जुना वळ, पोतं उचलायच्या लोखंडी आकड्याचा. त्याने आईकडे बघितलं आणि म्हणाला, ‘काकू, दिवाणजींच्या घरातल्या न्हवं तुम्ही? तात्यांचा धाकटा मी.’

पाणी उतरल्यावर महिनाभर अख्ख्या गल्लीत दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि दोऱ्यांवर कपड्यांच्या जागी कागद वाळत होते. सातबारे, मार्कलिस्टा, लग्नाचे फोटो. आबांची ट्रंक खालच्या खोलीत होती. वह्यांचा लगदा झाला होता. माझी पत्रिका सुटी होती, ती तेवढी हाताला लागली. आबा ग्रह शाईने लिहायचे आणि चौकट बॉलपेनने आखायचे. शाई सगळी धुऊन गेली होती. बारा घरं उरली होती, रिकामी, आणि त्यांच्यावर नदीचा गाळ.

दिवाळीच्या आधी मी तात्यांकडे गेले. त्यांच्याही घरात पाणी पुरुषभर होतं, भिंतीवर छातीच्या वर रेघ दिसत होती. तात्या खूप वाकले होते. मानेच्या सुरकुत्या आता पांढऱ्या. मी त्यांना माझा कागद दाखवला आणि विचारलं, तुमचा कागद आहे का अजून?

‘त्यो गेला वाहून. टोपीसकट,’ ते म्हणाले. ‘पन पाठ हाय की.’

आणि डोळे मिटून, पोतं पाठीवर घेताना मिटायचे तसे, ते म्हणायला लागले. तिसऱ्यात दोघं भाऊ. चौथ्यात आय. पाचव्यात पोरं. सहाव्यात उचल आणि पाठ. सातव्यात बायकोचं नाव, या वेळी न लाजता, कारण ती मधल्या काळात गेली होती. नवव्यात तो म्हातारा. दहाव्यात काटा. अकराव्यात टोळीतले सात जण, एकेक नाव घेऊन, त्यांतले किती उरलेत तेही सांगत.

ते थांबले. बाहेर त्यांचा धाकटा गाळाने भरलेली कॉट घासत होता.

‘आणि बारावं, तात्या?’

‘ते दिवाणजींस्नी सांगितलंय,’ ते म्हणाले, आणि चहाची बशी माझ्याकडे सरकवली.